जाळायला सांगितलेली पत्रं

मागच्या काही भागांत आपण मिठागरं, बंदरं आणि जुने नकाशे असं बरंच फिरून आलो. आजचा विषय जरा घरचा आहे. नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

बऱ्याच महिन्यांपूर्वी एका श्रोत्याने प्रश्न पाठवला होता. जगजीत सिंग यांनी गायलेली ती प्रेमपत्रांची नज्म तुम्ही ऐकलीच असेल. 'अर्थ' ह्या १९८२ च्या सिनेमाच्या कॅसेटवर होती. लिहिणारे पठाणकोटचे उर्दू कवी राजेंद्रनाथ रहबर. श्रोत्याचा प्रश्न असा होता: "त्याने ती पत्रं जाळली का नाहीत? आणि जाळायची नव्हती तर सरळ ठेवून का नाही दिली? नदीत कशाला सोडायची?"

मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, हा काय इतिहासाचा प्रश्न आहे का? प्रेमभंग झाला, पत्रं नकोशी झाली, विषय संपला. पण ह्या वर्षी आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि तो प्रश्न परत समोर येऊन बसला.

मी करावे गावचा. नवी मुंबईत पाम बीच रोडवरून जाताना खाडीच्या बाजूला आमचं गाव आहे. हल्ली लोक इथे फ्लेमिंगो बघायला येतात. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं, त्यातलंच आमचं एक. भात, मीठ आणि मासळीवर जगणारी आगरी-कोळी माणसं बघता बघता 'प्रकल्पग्रस्त' झाली. माझ्या आजोबांच्या पेटीतले निम्मे कागद ह्याच शब्दाचे आहेत. मी बीटेक केलं, आता ऐरोलीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे, आणि शनिवार-रविवार तुमच्याशी हे बोलणं.

ह्या वर्षी आमचं जुनं कौलारू घर पाडून नवीन बांधायचं ठरलं. घर रिकामं करताना माळ्यावर चढायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात जुन्या कागदांचं वेड मलाच. तिथे तांब्याच्या हंड्यामागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मिळाला. मला वाटलं आजोबांचे सातबारे असतील. उघडला तर आत निळी अंतर्देशीय पत्रं आणि थोडी पाकिटं, सुतळीने बांधलेली. वरच्या पत्रावर पत्ता होता शेजारच्या आळीतल्या एका बाईंचा, आणि खाली 'मु. करावे, ता. जि. ठाणे'.

मी वरचं पत्र उघडलं आणि सवयीने मोबाइलवर दोन फोटो काढले. मग वाचलं. क्रम लक्षात घ्या: आधी फोटो, मग वाचणं, आणि हे आपलं नाही हे कळणं सगळ्यात शेवटी.

पत्रं माझ्या आत्याला आलेली होती. मैत्रिणीच्या पत्त्यावर. लिहिणारा मुलगा बाहेरगावचा, नव्या शहराच्या बांधकामांवर हजेरी लिहायच्या नोकरीला आलेला. काळ १९८० च्या दशकाचा शेवट. आत्याचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, हे वेगळं सांगायला नको. सासरी हा डबा ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून तो तीसेक वर्षं माहेरच्या माळ्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवारी आत्या आली. चहा घेतला, घरभर एक चक्कर मारली आणि मला म्हणाली, "बाला, माळ्यावरचा डबा उतरव." (घरी आम्ही आगरीत बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून तिचं बोलणं मी सरळ करून सांगतोय.) डबा घेऊन ती मागच्या पडवीत गेली. तिथली चूल अजून शाबूत होती, आंघोळीचं पाणी त्यावरच तापायचं. तिने काटक्या लावल्या आणि सुतळी सोडली.

मी तिला थांबवलं. आता हे सांगताना मला लाज वाटते, पण मी तिला चक्क लेक्चर दिलं. आत्या, हा नुसता तुझा कागद नाही, ह्यात इतिहास आहे. हे शहर कसं बांधलं त्याचे आराखडे सरकारकडे आहेत, भूसंपादनाच्या नोटिसा आहेत, वर्तमानपत्रांत मोर्चांच्या बातम्या आहेत. पण जो माणूस रोज त्या बांधकामावर उभा होता त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं कुठेच नाही. मी स्कॅन करतो, नावं झाकतो, कुणाला कळणार नाही.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला शब्द पाळायचाय. उशीर झालाय."

कसला शब्द, ते पुढे सांगतो. आधी मला थोडं मागे जाऊ द्या, कारण त्या एका वाक्यामुळे मी परत ती नज्म ऐकली आणि मग पत्रं जाळण्याच्या जुन्या गोष्टी शोधत बसलो.

माझी एक बाजू तुम्हाला समजली पाहिजे. इतिहासाचं वेड असलेल्या मराठी माणसाचे देव म्हणजे वि. का. राजवाडे. ह्या माणसाने गावोगाव हिंडून लोकांच्या घरातून, माळ्यांवरून, रद्दीतून कागद गोळा केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली आला, आणि पुढे २२ खंडांपर्यंत ते काम गेलं. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं त्यातही ते होते. राजवाड्यांमुळे आपल्याला एक शिकवण मिळाली: कागद दिसला की वाचवायचा. ही शिकवण चांगलीच आहे. पण 'वाचवायचा' म्हणजे कुणापासून, हे त्यात कुणी सांगितलेलं नाही.

आता नज्मेकडे येऊ. त्या कवितेतला माणूस पत्रांचं वर्णन करतो: ती कशी प्रेमाने लिहिलेली होती, कशी जगापासून लपवून ठेवली, कशी पाठ झाली. मग ती तो गंगेत सोडून येतो. जाळत नाही. मला आधी हे थोडं नाटकी वाटायचं. पण आपल्याकडे काय जाळतात आणि काय पाण्यात सोडतात, हे आठवून बघा. रद्दी जाळतात. मृतदेह जाळतात. पण भंगलेली मूर्ती जाळत नाहीत, जीर्ण पोथी जाळत नाहीत, त्यांचं विसर्जन करतात. परंपरेत संन्याशाच्या देहालाही अग्नी देत नाहीत, त्याला समाधी देतात, जमिनीत किंवा पाण्यात. म्हणजे जे पवित्र आहे पण आता वापरात राहिलेलं नाही, ते पाण्याचं. नज्मेतला माणूस पत्रांना पोथीच्या रांगेत बसवतो. माझ्यापुरतं श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे. त्याने पत्रं ठेवली नाहीत कारण ती आता त्याची नाहीत, आणि जाळली नाहीत कारण तो कचरा नव्हता.

पण मग जाळणं म्हणजे नेहमी रागच का? इथे मला दोनशे वर्षांपूर्वीची एक रशियन कविता भेटली. पुश्किनची. नाव 'जळालेलं पत्र', साल १८२५.

गोष्ट अशी. पुश्किन १८२३-२४ मध्ये ओडेसाला होता, काळ्या समुद्राच्या काठी. तिथला गव्हर्नर जनरल काउंट वोरोंत्सोव. त्याची पत्नी एलिझावेता वोरोंत्सोवा. पुश्किन तिच्या प्रेमात पडला, गव्हर्नरशी त्याचं अजिबात पटलं नाही, आणि १८२४ च्या उन्हाळ्यात त्याला सरकारी नोकरीतून काढून थेट उत्तरेला, आईच्या मिखाइलोव्स्कोये नावाच्या गावी धाडलं. तिथे तो पाळतीखाली राहत होता. ही कविता तिथली, आणि ती वोरोंत्सोवाच्या पत्राबद्दल आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात.

कवितेत होतं एवढंच: एक माणूस पत्र जाळतो. बराच वेळ टाळतो, हात धजत नाही, शेवटी ज्वाळा कागदाला लागते, लाखेवरचा अंगठीचा ठसा वितळतो, कागद काळा पडून वळतो. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अगदी सुरुवातीला येते आणि घाईत वाचताना सुटते. जाळायला तिने सांगितलंय.

हे एक लक्षात आलं की सगळी कविता उलटी होते. हा माणूस चिडलेला नाही. त्याला ती विसरायची नाहीये. त्याच्या हातात तिची एकच वस्तू आहे, आणि तिने जे शेवटचं मागितलं ते म्हणजे ती वस्तू नष्ट कर. मग प्रेम सिद्ध कशाने होणार, ठेवून की जाळून? ठेवलं तर तो स्वतःवर प्रेम करतोय. जाळलं तर तिच्यावर.

आणि तिने का सांगितलं असेल तेही बघा. नवरा एवढ्या मोठ्या प्रांताचा गव्हर्नर, प्रियकर सरकारच्या नजरेखाली. कधीही झडती होऊ शकते. तो धोका खरा होता: त्याच वर्षाच्या डिसेंबरात पीटर्सबर्गला डिसेंब्रिस्टांचा उठाव फसला, तेव्हा मित्र अडकतील ह्या भीतीने पुश्किनने स्वतःच्या आठवणींची हस्तलिखितंही जाळली. पत्र हा पुरावा असतो. पुरावा सापडला की शिक्षा कुणाला होणार हे ठरलेलं असतं, आणि प्रेमाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा बाईला होते.

हे रशियातच होतं असं नाही. आपल्याकडे सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत: १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. त्यातलं १८६८ चं पत्र नायगावहून, म्हणजे त्यांच्या माहेराहून लिहिलेलं. त्यात त्या एका जोडप्याची हकिकत सांगतात. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण, गावोगाव पंचांग घेऊन फिरणारा, आणि शारजा नावाची महार मुलगी. ती गरोदर होती. गावाने दोघांना धरलं, वाजतगाजत फिरवलं, आणि मारून टाकायचा बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक दाखवून दोघांचा जीव वाचवला, आणि त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिलं. हे पत्र नवऱ्याला लिहिलेलं आहे, प्रेमाच्या एका गोष्टीबद्दल आहे, आणि ते राहिलं म्हणून आपल्याला शारजा माहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे तर जपण्याच्या बाजूचं उदाहरण झालं. झालंच. पण दुसरी बाजूही बघा. गावाला नुसता संशय आला तरी जीव घ्यायची तयारी होती. अशा गावात एखाद्या मुलीकडे चिठ्ठी सापडली असती तर? ज्यांची पत्रं आपल्यापर्यंत पोचली नाहीत त्यातल्या कितीतरी जणींनी ती स्वतःच चुलीत घातली असतील, जिवंत राहायचं म्हणून. आपण अभिलेखागारातल्या पोकळीला दुर्लक्ष म्हणतो. कधी कधी ती शहाणपणाची खूण असते.

मात्र सगळ्याच जाळणाऱ्यांना एका मापात मोजता येत नाही. चार्ल्स डिकन्सचं उदाहरण घ्या. १८५८ मध्ये तो बायकोपासून, कॅथरीनपासून वेगळा झाला. बावीस वर्षांचा संसार, दहा मुलं. पुढे सप्टेंबर १८६० मध्ये गॅड्स हिलच्या आपल्या घरामागे त्याने वीसेक वर्षांत लोकांकडून आलेली पत्रं टोपल्या भरभरून जाळली. मुलांनी टोपल्या आणून दिल्या आणि त्या निखाऱ्यांत कांदे भाजून खाल्ले. तेव्हा तो इंग्लंडमधला सगळ्यात प्रसिद्ध लेखक होता. त्याला कुणी जाळायला सांगितलं नव्हतं. स्वतःबद्दल काय उरावं हे त्याला स्वतः ठरवायचं होतं.

आणि कॅथरीन? तिने त्याची पत्रं जपली. १८७९ साली जाताना मुलीच्या हाती दिली आणि सांगितलं, ब्रिटिश म्युझियमला दे. एके काळी त्याचं माझ्यावर प्रेम होतं हे जगाला कळू दे, एवढाच तिचा हेतू होता. दोघांच्या वेगळं होण्याची बाजू डिकन्सने छापून जाहीर केली होती. तिच्याकडे बोलायला फक्त ती पत्रंच होती. म्हणजे जपणं हेही दुबळ्याचं हत्यार असू शकतं, आणि जाळणं हे बलवानाचं.

मग नियम काय? जाळणं चांगलं की जपणं? मी ह्यावर बरेच दिवस अडकलो होतो. सुटका झाली ती एका मराठी पुस्तकामुळे.

पुस्तकाचं नाव 'कुसुमानिल', प्रकाशन १९७२. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, आणि कुसुमावती देशपांडे यांचा पत्रव्यवहार. अनिलांचा जन्म मूर्तिजापूरचा, कुसुमावतींचा अमरावतीचा, म्हणजे दोघंही वऱ्हाडातले. पत्रं १९२० च्या दशकातली, लग्नाआधीची. त्या काळात कुसुमावती इंग्रजी शिकायला लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजातही होत्या. दोघांचं लग्न १९२९ मध्ये झालं. पुढे अनिल मुक्तछंदाचे कवी म्हणून गाजले, कुसुमावती कथाकार आणि समीक्षक म्हणून. १९५८ च्या मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते आणि १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती. त्या पदावरची ती पहिली स्त्री. त्याच वर्षी त्या गेल्या. त्यानंतर अकरा वर्षांनी अनिलांनी दोघांची पत्रं लोकांपुढे ठेवली.

म्हणजे मराठीत एक प्रेम असं आहे की ज्याची पत्रं दोन्ही बाजूंनी जपली गेली, एकत्र आली आणि छापलीही गेली. आणि हे शक्य झालं ह्याचं कारण मला आता दिसतं. दोघं एकाच घरात राहायला आले, त्यामुळे पत्रंही एकाच घरात आली. दोघंही लेखक, नावाने ओळखले जाणारे. आणि जगासमोर ठेवणारा माणूस बाहेरचा संशोधक नव्हता, त्या पत्रांचा अर्धा लेखक होता. तिथे लपवायचं काहीच उरलं नव्हतं. माळ्यावरच्या डब्याची गोष्ट अगदी उलटी. दोन घरं, दोन संसार, आणि पत्रांचा एकच अर्धा भाग.

इथे कायदाही मदतीला येतो. इंग्लंडमध्ये १७४१ साली अलेक्झांडर पोप ह्या कवीने एडमंड कर्ल नावाच्या प्रकाशकाला कोर्टात खेचलं, कारण त्याने पोपची खासगी पत्रं न विचारता छापली होती. निकालात एक गोष्ट स्पष्ट झाली: पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, पण त्यातले शब्द लिहिणाऱ्याचे. मिळालेलं पत्र तुम्ही ठेवू शकता, फाडू शकता, जाळू शकता. छापू शकत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचंही तत्त्व हेच आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं शब्दांवर हक्क त्याचा, किंवा त्याच्या वारसांचा.

हे वाचून मी माझ्या पडवीतल्या लेक्चरचा हिशेब मांडला. कागद आत्याचा. शब्द त्या माणसाचे. गोष्ट दोघांची. ह्यात माझं काय होतं? माझ्याकडे फक्त मोबाइल होता.

आता तो शब्द. चुलीपुढे बसून आत्याने मला एवढंच सांगितलं. लग्न ठरल्यावर तिने त्याला निरोप धाडला होता की माझी पत्रं जाळ. त्याने जाळली आणि तसं कळवलं. त्याच पत्रात त्याने विचारलं होतं, तूही जाळशील ना? तिने हो म्हटलं होतं. त्याने आपला शब्द पाळला. तिने नाही. पस्तीस वर्षं डबा माळ्यावर. "त्याचं लग्न झालं असंल, पोरं असतील," ती म्हणाली. "माझ्याकडून कुणाच्या हातात पडलं तर?" आणि मग माझ्याकडे बघितलं. बघण्यात काही टोमणा नव्हता, पण मला लागायचं ते लागलं. कारण ते पडलेलं होतंच, माझ्याच हातात.

पुश्किनची ती पहिली ओळ मला तेव्हा माहीत असती तर मी तिला लेक्चर दिलं नसतं. मी चुलीपुढे बसून एक प्रेम संपताना बघतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात एक उशिरा राहिलेलं उत्तर जात होतं.

तिने पत्रं परत वाचली नाहीत. एकेक घातलं. अंतर्देशीय पत्र फार भरकन जळतं, पातळ कागद असतो. पाकिटांना वेळ लागला. वीसेक मिनिटांत सगळं झालं. मग तिने राख निवायची वाट बघितली, ती एका डब्यात भरली आणि घराच्या मागच्या तुळशीला घातली. नदी नाही, गंगा नाही. पण श्रोत्याच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं. जाळणं आणि विसर्जन ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतीलच असं नाही. कुणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी जाळलं, त्यावर ते ठरतं.

माझी गोष्ट मात्र संपली नव्हती. मोबाइलमध्ये दोन फोटो होते. तो आठवडाभर मी ते ठेवले. उघडले नाहीत, पण ठेवले. मनात म्हणायचो, फक्त पुलाच्या कामाचा भाग आहे, त्यात खासगी काही नाही, पन्नास वर्षांनी कुणाला उपयोग होईल. इतिहासाची भाषा वापरून माणूस स्वतःची हाव किती छान झाकू शकतो, हे मला त्या आठवड्यात कळलं.

पुढच्या रविवारी मी आत्याच्या घरी गेलो आणि सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तेही जाळ."

मी तिच्यासमोर फोटो डिलीट केले. पण मी सॉफ्टवेअरवाला, मला खोटं बोलता येईना. म्हटलं, आत्या, हे अजून गेलेले नाहीत. आमच्या कामात ह्याला सॉफ्ट डिलीट म्हणतात. नोंद तशीच असते, तिच्यावर फक्त 'दाखवू नका' अशी खूण लागते. मोबाइलमध्येही डिलीट केलेला फोटो महिनाभर ट्रॅशमध्ये पडून असतो. शिवाय क्लाउडवर बॅकअप.

"म्हणजे जळलं नाय," ती म्हणाली.

नाही जळलं. मग ट्रॅश रिकामा केला, बॅकअप उघडला, तिथून काढले, तिथलाही ट्रॅश रिकामा केला. लॅपटॉपवर सिंक झालं असेल म्हणून घरी येऊन तोही बघितला, तिथे एक प्रत होतीच. ती काढली आणि तिला फोन करून सांगितलं. चुलीला वीस मिनिटं लागली होती, मला अख्खी दुपार लागली. कंपनीच्या कुठल्या सर्व्हरवर कुठली प्रत किती दिवस राहते ह्याची खात्री मी तिला देऊ शकलो नाही, आणि तेही सांगितलं. पुश्किनला निदान राख दिसली होती.

मंडळी, हा भाग करायच्या आधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, गोष्ट सांग, पण नाव नको, मजकूर नको. म्हणून त्या पत्रांतलं एकही वाक्य इथे नाही. माणसं ओळखू येतील असे काही तपशीलही बदललेत. नवी मुंबईच्या इतिहासाचं ह्यात नुकसान झालं का? झालं, थोडं झालं. ते नाकारण्यात अर्थ नाही. ते नुकसान करायचा हक्क तिचा होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता आपल्यापैकी अनेकांची घरं पाडली जातायत, नवी होतायत. गावठाणात, चाळीत, वाड्यात, सगळीकडेच. माळ्यावरून डबे उतरणार. जुने सातबारे, नोटिसा, फोटो, शाळेचे दाखले जरूर जपा, स्कॅन करा, आम्हाला पाठवा. पण एखाद्या डब्यात सुतळीने बांधलेली पत्रं निघाली, तर मोबाइल खिशातच ठेवा आणि घरातल्या मोठ्या बाईला आधी विचारा. ती हो म्हणाली तर तुमच्याकडे एक कुसुमानिल असेल. नाही म्हणाली, तर चुलीपाशी तिच्यासोबत बसा. कारण काय आहे ते तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

आणि ज्या श्रोत्याने तो प्रश्न विचारला होता, त्यांना: उत्तराला एवढा उशीर झाला, त्याबद्दल माफी. पुढच्या भागात परत मिठागरांकडे जाऊ. भेटू.